कामगाराची संध्याकाळ कामगाराकडेच राहू द्या

मा. कामगारमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



नाशिकला सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मंडळींबरोबर मी नाटके बसवतो. हौशी नाटके. त्यातली बरीचशी आपल्याच खात्याखाली चालणाऱ्या महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेसाठी असतात. नाटक-सिनेमाबद्दल सरकारला काही सांगायचे असले की लोक सांस्कृतिक कार्य खात्याकडे जातात. मी मुद्दाम आपल्याकडे आलो आहे, कारण मराठी नाटक बघायला आणि करायला माणसे उरतील की नाही, हे यापुढे आपले खाते ठरवणार आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने कामाचे तास वाढवायला मंजुरी दिली. कारखान्यात दिवसाचे तास नऊवरून बारा. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या दुकानांत आणि कार्यालयांत नऊवरून दहा. ओव्हरटाइमची तिमाही मर्यादा कारखान्यांत ११५ तासांवरून १४४ तास. बातम्यांत ठळक छापून आले ते बारा तास. त्यातली आणखी एक गोष्ट फारशी कोणी बोलून दाखवली नाही: पूर्वी पाच तासांनंतर विश्रांती द्यावीच लागे, ती आता सहा तासांनंतर. मशीनवर उभे राहून काम करणाऱ्याला विचारा, पाचवा तास आणि सहावा तास यांत काय फरक असतो ते. पॉवर प्रेसवर बोटे गमावलेली माणसे आमच्या भागात आहेत. नाटकाच्या तालमीत त्यांच्यापैकी कोणी हातात कप धरतो तेव्हा तो कसा धरायचा, हेसुद्धा बसवावे लागते.

सरकारचे म्हणणे मी नीट वाचले आहे. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, त्यापुढच्या कामाला दुप्पट दराने पैसे आहेत, कामगाराची लेखी संमती लागणार आहे, आणि कर्नाटकासारख्या राज्यांनी हे आधीच केल्यामुळे गुंतवणूक तिकडे जाऊ नये म्हणून आपल्यालाही करावे लागते आहे. यातला एकेक मुद्दा खाली घेतो. पण त्याआधी एका कामगाराची संध्याकाळ कशी असते, ते आपल्याला सांगायला हवे, कारण मंत्रालयातल्या टिपणीत ती कुठेच येत नाही.

आमची तालीम महापालिकेच्या शाळेच्या एका वर्गात होते. बाके भिंतीला सरकवायची, फळ्याखालची जागा म्हणजे रंगमंच. पहिल्या पाळीची माणसे साडेसातला येतात. आमच्या एका नाटकात बापाची भूमिका करणारा मुलगा सीएनसी मशीनवर ऑपरेटर होता. कंत्राटी. वय तिशीच्या आत, पण आवाज असा की बाप शोभावा. सुरुवातीला तो वेळेवर येई. मग कंपनीला मोठी ऑर्डर आली आणि पहिली पाळी संपली की चार तास ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, असे रोजचेच झाले. तो सव्वाआठला, कधी साडेआठला येऊ लागला, घरी न जाता थेट गेटवरून. शर्टाच्या बाह्यांना कूलंटचा वास, बोटांना धातूची धारदार कड लागून झालेल्या चिरा, त्यांवर चिकटपट्ट्या. नाटकाची प्रत त्याने जॉब कार्डांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बारीक अक्षरात उतरवून घेतली होती. चहाच्या सुट्टीत पाठांतर करायला ती खिशात मावत असे.

एका रात्री त्याचे मोठे स्वगत घ्यायचे होते. त्याने विचारले, "दादा, बसून म्हटलं तर चालेल का?" मी हो म्हटले. भिंतीला टेकून, डोळे मिटून, प्रॉम्प्टरचा एकही शब्द न घेता त्याने ते पुरे म्हटले. शेवटी बाप उठून दाराकडे जातो, तिथे त्याने भिंत धरली. उठताच येईना. पाय भरून आले होते. आम्ही मग तो प्रवेशच बदलला. बापासाठी नेपथ्यात एक खुर्ची आली आणि दाराकडे मुलगी गेली. प्रयोग चांगला झाला. पण त्यानंतर त्या मुलाने नाटक केले नाही. त्याच नाटकातली मुलीची भूमिका करणारी बाई इलेक्ट्रॉनिक्सच्या असेंब्ली लाइनवर होती. तिच्या घरून निरोप आला की एवढ्या उशिरा जमणार नाही. तिची कंपनीची बस अर्ध्या तासाने उशिरा येऊ लागली होती, एवढेच कारण होते.

हे सगळे नऊ तासांच्या कायद्यात, ओव्हरटाइमला मर्यादा असताना घडलेले. आता सकाळी सात ते संध्याकाळी सात हा साधा, कायदेशीर दिवस झाला, तर सिन्नरहून किंवा दिंडोरीहून येणारा माणूस पहाटे साडेपाचला घर सोडेल आणि रात्री साडेआठला परत पोचेल. मुंबईत बदलापूर-विरारहून निघणाऱ्याचे आणि पुण्यात चाकणच्या रस्त्यावर अडकणाऱ्याचे हाल याहून जास्त. जेवण, आंघोळ, झोप एवढेच काय ते उरते. नाटकाचे सोडून द्या. मुलाची वही बघायला वेळ कुठला?

मंत्रिमहोदय, बारा तास हा आकडा आपल्या राज्यात नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे येण्याआधी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम चाले. दिवे आल्यावर अंधाराचीही सुटका राहिली नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. सत्यशोधक माणूस, 'दीनबंधू' या पत्राचा संपादक. लोखंड्यांच्या मागणीत विश्रांती होतीच, पण आठवड्यातला एक दिवस समाजासाठी, लिहिण्या-वाचण्यासाठी मिळावा हाही विचार होता. त्याआधी, १८५५ साली, जोतिबा आणि सावित्रीबाईंनी पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. दिवसभर राबणाऱ्याला संध्याकाळ हवी, हे या दोघांना तेव्हाच कळले होते.

पुढे १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतल्या प्रौढ पुरुषाला दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली. ती तेव्हा सुधारणा होती. १९२२ साली ती अकरावर आली, आठवड्याला ६० तास. १९३४ साली दहा आणि ५४. १९४६ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना, नऊ आणि ४८. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाने कायद्याने तेच कायम केले. हे एकेक पाऊल संप, मोर्चे, उपासमार सोसून पडले आहे. त्या पायऱ्या उलट्या उतरत आपण थेट १९११ च्या आकड्यावर येऊन थांबलो आहोत, आणि तेही ज्या शहरात हा लढा झाला त्याच शहरात बसून.

तास कमी झाले तेव्हा त्या मोकळ्या वेळाचे काय झाले, हेही मुंबईत बघायला मिळते. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली, रात्रीच्या शाळा चालवल्या, वाचनालये उघडली. १९२० साली आयटक ही कामगार संघटना स्थापन करणाऱ्यांत तेही होते. आणि परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ साली त्याच लीगच्या आवारात उभे राहिले. कामाचे तास कमी करा म्हणून भांडणारा माणूस आणि कामगारांना नाट्यगृह देणारी संस्था काढणारा माणूस एकच होता, याचे मला फार अप्रूप वाटते. मुंबईच्या गिरणगावातली भजनी मंडळे, कबड्डीचे संघ, व्यायामशाळा, गणपतीतले मेळे, कोकणातून आलेल्या चाकरमान्यांची दशावतारी आणि नमने ही सगळी त्या संध्याकाळची कमाई. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक याच वस्तीत घुमले. नारायण सुर्वे गिरणीत काम करता करता कवी झाले. दामोदरच्या रंगमंचावर उभे राहिलेले किती नट गिरण्यांतले बदली कामगार होते, याची कोणी मोजदाद ठेवली नाही. २०२३ साली पुनर्विकासासाठी ते नाट्यगृह बंद झाले तेव्हा रंगकर्मींनी आवाज उठवला, आणि तो उठवायलाच हवा होता. पण इमारत परत उभी राहीलही. पाळी सुटल्यावर तिथे पोचणारा माणूस पुन्हा कसा आणणार?

सरकारने मराठी कलेसाठी काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. एप्रिल २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट प्राइम टाइममध्ये दाखवणे बंधनकारक केले. त्यावर केवढा गदारोळ झाला! शेवटी प्राइम टाइम म्हणजे दुपारी बारा ते रात्री नऊ, असे ठरले. त्या निर्णयाच्या बाजूने मी तेव्हाही होतो आणि आजही आहे. पण पडद्याला संध्याकाळचा खेळ मिळवून देणारे सरकार प्रेक्षकाची संध्याकाळ काढून घेत असेल, तर रिकाम्या खुर्च्यांचे खापर पुन्हा मराठी प्रेक्षकावरच फुटणार. 'मराठी माणूस मराठी सिनेमा बघत नाही' हे वाक्य ऐकले की मला राग येतो. २०१६ साली 'सैराट'साठी काही ठिकाणी मध्यरात्रीचे खेळ लावावे लागले होते. २०२३ साली 'बाईपण भारी देवा'ला बायका घोळक्याने, नटूनथटून, दुपारच्या खेळांना गेल्या. ओढ आहे. वेळ मिळाला की माणसे धावत येतात.

नाटकांचे तर आपण बघताच. दादरचे शिवाजी मंदिर असो, ठाण्याचे गडकरी रंगायतन असो, की पुण्याचे बालगंधर्व. व्यावसायिक नाटके शनिवार-रविवारवर येऊन टेकली आहेत. आठवड्याच्या मधल्या वारी प्रयोग लावायला निर्माता धजत नाही, कारण त्याला ठाऊक आहे की नोकरदार माणूस आठपर्यंत पोचत नाही. सुट्टीच्या दिवशी तोच माणूस दमून झोपलेला असतो, किंवा आठवड्याची राहिलेली कामे उरकत असतो. रात्री दहाला घरी आलेला माणूस फोनवर वीस मिनिटे रील्स बघतो आणि तसाच झोपतो. त्याला कोणी अभिरुची नसलेला म्हणू नये. वीस मिनिटांत मावेल तेच तो बघतो.

आणि जे सिनेमे आणि मालिका बनवतात त्यांचे तास तरी कोण मोजते? २०२५ साली दीपिका पदुकोणने आठ तासांची शिफ्ट मागितल्याच्या बातम्या आल्या आणि महिनाभर वाद रंगला. ती आई झाली आहे, मागणी रास्त होती. पण त्या वादात लाइटमन, स्पॉटदादा, मेकअप करणारे, वेशभूषेच्या खोलीत इस्त्री धरून उभा असलेला पोरगा यांचे नाव फारसे निघाले नाही. गोरेगावच्या चित्रनगरीत, घोडबंदर रोडच्या बंगल्यांत आणि मढला रोजच्या मालिकांचे चित्रीकरण बारा-तेरा तास चालते. पॅकअप झाल्यावर कलाकार गाडीत बसतो. केबल गुंडाळणारा त्यानंतर तासभर तिथेच असतो. संध्याकाळी सात ते दहा ज्या मालिकांमध्ये घरातली सगळी माणसे एकत्र जेवायला बसलेली दिसतात, त्या बनवणाऱ्यांना घरी जेवायला मिळत नाही. ही मंडळीसुद्धा कामगारच आहेत.

मोठ्या कंपन्यांचे प्रमुख आठवड्याला सत्तर तास काम करा म्हणतात, कोणी नव्वद म्हणतात. त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही; ते कायदा करत नाहीत, आपण करता.

बायकांचा मुद्दा मात्र घाईत सोडता येणार नाही. केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. स्वतःच्या घरातले बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, पुरुष ८८. म्हणजे बाईचे पावणेपाच तास घरातच जातात. त्यावर बारा तासांचा कारखाना आणि येण्याजाण्याचे दोन-अडीच तास चढवा. झोपेला किती उरतात? ती बाई आधी नोकरी सोडणार. निदान परमनंट व्हायची आशा सोडणार. कारखान्यात बायकांची संख्या वाढावी असे सरकार एका बाजूला म्हणते. बारा तासांच्या दिवसाने त्या बाहेर पडतील.

आता आपल्या बाजूचे मुद्दे.

आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, ही गोष्ट चांगली. मग बारा तासांचे चार दिवस भरले की उरलेले तीन दिवस पगारी सुट्टी, असे नियमात ठसठशीत लिहा. चार दिवसांचा आठवडा खरोखर मिळणार असेल तर माझे निम्मे कामगार नट आनंदाने हो म्हणतील, आणि मी तालमी त्या तीन दिवसांत घेईन. पण ते चार दिवस न लिहिता नुसते बारा तास लिहिले, की सहा दिवस बारा तास आणि वरचे सगळे ओव्हरटाइम, असा त्याचा अर्थ कारखान्याच्या गेटवर लावला जाणार. सिक्युरिटी गार्डची बारा तासांची ड्यूटी आज महाराष्ट्रभर सर्रास चालते. तिथे ४८ तासांचे काय होते, हे आपल्या निरीक्षकांना माहीत आहे.

दुप्पट पैसे. परमनंट कामगाराला मिळतात, संघटना असेल तिथे नक्की मिळतात. कंत्राटदाराकडे लागलेल्या मुलाच्या पगारपत्रकात ओटीचा दर सिंगल असतो, आणि बऱ्याचदा पगारपत्रकच नसते. घरभाडे आणि मुलांची फी बघून तो सिंगल दरातसुद्धा थांबतो. बारा तास त्याला आवडतात म्हणून तो थांबत नाही. आठ तासांत घर चालेल एवढा पगार असता, तर तो साडेसातला आमच्या तालमीत असता.

लेखी संमती. कामावर रुजू होताना कामगार एका बैठकीत कितीतरी कागदांवर सह्या करतो. संमतीचा कागद त्याच गठ्ठ्यात जाईल. नको म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गेटवर 'आज काम नाही' असे सांगितले जाते. त्यासाठी त्याला कामावरून काढावेही लागत नाही. ही संमती खरी असावी असे वाटत असेल, तर ती दर तीन महिन्यांनी नव्याने घ्या, ती कधीही मागे घेता यावी, आणि नकार दिलेल्या कामगाराची हजेरी त्यानंतर घटली का, हे निरीक्षकाने तपासावे.

आणि इतर राज्यांचे उदाहरण. कर्नाटकाने २०२३ साली तास वाढवले, हे खरे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तामिळनाडूने तसाच कायदा विधानसभेत मंजूर केला होता. कामगार संघटना उठल्या, सत्ताधारी आघाडीतले मित्रपक्षही विरोधात गेले, आणि १ मे रोजी मुख्यमंत्री स्टालिन यांनी तो मागे घेतल्याचे जाहीर केले. गाड्यांचे कारखाने, इलेक्ट्रॉनिक्स, कापड यांत तामिळनाडू आपल्या बरोबरीने धावते आहे. तिथे गुंतवणूक थांबली नाही. आपल्याकडे १ मे हा महाराष्ट्र दिनही आहे. आपण स्पर्धा करायचीच तर तामिळनाडूशी करावी, असे मला मनापासून वाटते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांत दिवसाचे काम आठ तासांचे धरले आहे आणि पुढचे बरेच तपशील राज्यांच्या नियमांवर सोडले आहेत. म्हणजे ठरवण्याची संधी आपल्या टेबलावर आहे. दिवसाला आठ तास ठेवा. विश्रांती पाचव्या तासाला परत आणा. ओव्हरटाइम आठवड्यातल्या ठरावीक दिवशीच घेता येईल, असे करा, म्हणजे बाकीच्या संध्याकाळी माणसाला आपल्या म्हणून धरता येतील. चित्रीकरणाच्या सेटवर काम करणाऱ्यांचे तास कोणी मोजायचे, ते स्पष्ट लिहा. कामगार कल्याण निधीची वर्गणी दर जून आणि डिसेंबरात आमच्या पगारातून कापली जाते. त्याच निधीतून मंडळ नाट्यस्पर्धा, वाचनालये, शिवणवर्ग चालवते. या केंद्रांची वेळ संध्याकाळची आहे. तिथे पोचता येईल असा कामाचा दिवस ठेवणे, हेही आपल्याच खात्याचे काम आहे.

शेवटची विनंती प्रक्रियेबद्दल आहे. या नियमांवर हरकती आणि सूचना मागवाल तेव्हा त्या नुसत्या ई-मेलवर आणि इंग्रजी मसुद्यावर मागवू नका. मसुदा मराठीत काढा आणि कामगार कल्याण केंद्रांच्या फलकांवर लावा. सुनावणी सातपूरला घ्या, चाकणला घ्या, वाळूजला आणि बुटीबोरीला घ्या. ती सकाळी अकराला मंत्रालयात ठेवलीत तर तिथे मालकांचे सल्लागार येतील, मशीनवरची माणसे येऊ शकणार नाहीत. रविवारी ठेवा, किंवा पहिली पाळी सुटल्यावर. नाशिकच्या सुनावणीला आमच्या नाटकातली सगळी मंडळी येतील, बापाची भूमिका केलेला तो मुलगासुद्धा, आणि आपापले तास स्वतः सांगतील.

आपला,
सातपूरचा एक हौशी नाट्यदिग्दर्शक